निळ्या गाडीला हुक बसवला त्याची हकीकत

मी एक जुनी, बुटकी, निळी मोटारगाडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणते खरी, पण माझ्या पोटात दोन जीव नांदतात: एक पेट्रोलचं इंजिन आणि एक विजेची मोटर. रस्ता सपाट असला की इंजिन डुलकी काढतं आणि मोटर मला अलगद पुढे नेते. माझा आवाज म्हणाल तर नाहीच. एकदा माझी किल्ली आतच राहिली, तेव्हा एक चोर येऊन बसला. त्याने बटण दाबलं, मी लगेच चालू झाले; पण आवाज नाही म्हटल्यावर तो बिचारा "हो गं बाई चालू, हो गं माझे आई," अशा विनवण्या करत राहिला. शेवटी मला नादुरुस्त समजून, दार नीट लावून निघून गेला. खोटं वाटत असेल तर त्या चोराला विचारा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे लोखंडी हातांनी माझे सांधे जोडले, रंग चढवला, पुसूनबिसून बाहेर काढलं. माझ्या मागच्या बाजूला, बंपरच्या आत, चार रिकामी भोकं होती. ती कशासाठी ठेवली, ते कोणी सांगितलं नाही. मला आपलं वाटे, हवा खेळावी म्हणून असतील.

मला विकत घेतलं ते एका घड्याळजींनी. हे घड्याळजी म्हणजे फार हळवा माणूस. जन्मभर चिमट्याने केसाएवढे भाग उचलायचे, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू धक्का लागताच मोडणार, अशी त्यांची ठाम समजूत. ते माझं दार असं लावत, जणू आत कोणी आजारी झोपलं आहे. मागच्या सीटवर भाजीची पिशवीसुद्धा ठेवत नसत; मांडीवर घेत. शेजारच्या धिप्पाड गाड्या पोती वाहत, सामान ओढत, चिखलाने माखून घरी येत. मी मात्र लखलखीत. माझं कौतुक व्हायचं, पण काम कोणी सांगत नसे. मित्रांनो, कौतुकाने पोट भरतं, पण अंगात बळ येत नाही.

मग घड्याळजींची ताई त्यांच्याकडे राहायला आली. ताई कुंभारकाम करायची. नवऱ्याच्या पश्चात तिला जुनं घर सोडावं लागलं. तिची मडकी आणि फळ्या एका टेम्पोने आणल्या, त्यातली निम्मी मडकी पोचेपर्यंत खापरं झाली. मागे राहिली ती फक्त तिची भट्टी. विजेवर चालणारी, पिंपासारखी गोल, आतून मऊ विटांचं अस्तर. जरा आदळली की त्या विटा तडकणार आणि भट्टी कायमची गार पडणार.

"ती धड आली तर मी परत मातीत हात घालीन," ताईने सांगून टाकलं. "फुटली तर दुसरी नको मला. पुरे झालं."

ती दिवसभर खिडकीशी बसून असे. घड्याळजी तिला चहा हातात आणून देत, चादर झटकू देत नसत, पाण्याची कळशी तर दिसूही देत नसत. ताई आणखीनच गप्प होत गेली. टेम्पोवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. म्हणून त्यांनी ठरवलं, भट्टी स्वतः आणायची, लहानसा ट्रेलर जोडून, माझ्यामागे!

गॅरेजवाल्याने मला पाहिलं, मग घड्याळजींना पाहिलं आणि तंबाखू थुंकायला बाहेर जाऊन आला.

"काका, मुंगीला पालखी उचलायला लावताय?"

"कंपनीने लहान ट्रेलरला परवानगी दिली आहे," घड्याळजी म्हणाले. "फक्त तिला दुखवू नका."

"भूल देऊन करतो, मग तर झालं?"

माझा बंपर उतरला, तेव्हा मला भारी लाज वाटली. गॅरेजवाला पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला. सायलेन्सरवरचा पत्रा त्याने थोडा कापला, नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांपासून हात लांब ठेवला, कारण त्यांतून माझ्या बॅटरीची जबर वीज वाहते. मग एक भक्कम लोखंडी दांडी आणली, आणि काय सांगू! ती माझ्या त्या चार रिकाम्या भोकांवर बरोबर बसली. एवढी वर्षं मी तिथे हवा खेळवत होते! बोल्ट पान्याने आवळले. दांडीच्या टोकाला मुठीएवढा लोखंडी गोळा आला. हाच माझा हुक; ट्रेलर त्याच्यावर बसतो. ट्रेलरच्या दिव्यांसाठी वेगळी डबी लावली, माझ्या नाजूक तारांवर बोजा पडू नये म्हणून.

"एक लक्षात ठेवा," गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. "जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे ठेवायचं. थोडं वजन हुकावर आलंच पाहिजे."

घड्याळजींनी मान हलवली. पण मला ठाऊक होतं, ही मान हो म्हणणारी नव्हती.

जुन्या घरी शेजाऱ्यांनी भट्टी उचलून ट्रेलरवर चढवली, खाली गोणपाट घातलं. घड्याळजींनी ती सरकवत सरकवत पार मागच्या कडेला नेली.

"अरे बाळ्या, एवढी मागे?" ताईने विचारलं. पन्नाशी उलटलेल्या घड्याळजींना बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली होती.

"हिच्या पाठीवर भार नको गं. लहान जीव आहे."

भट्टी दोरांनी बांधली आणि आम्ही निघालो. माझ्या पाठीवर भार नव्हता, हे खरं. उलट ट्रेलरचा दांडा माझी शेपटी वर उचलू पाहत होता. मागची चाकं रस्त्याला जेमतेम टेकत होती. सपाटीवर निभावलं. उतार लागला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा डावीकडे, मग थोडा उजवीकडे, मग त्याने मलाही सोबत घेतलं. घड्याळजींनी स्टिअरिंगचं चाक आवळून धरलं. पाय ब्रेककडे निघाला.

"ब्रेक नको!" ताई म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "पाय काढ नुसता. चाक सरळ धर. कुंभाराच्या चाकावर माती हेलकावायला लागली की मी फिरकी हळू करते, दाबत नाही. हळू होऊ दे."

त्यांनी पाय काढला. माझी मोटर मागे खेचू लागली, वेग उतरला, हेलकावे लहान लहान होत थांबले. रस्त्याकडेला उभं राहिल्यावर घड्याळजी बराच वेळ उतरलेच नाहीत.

ताई उतरली. झाकण उघडून विटांवरून बोटं फिरवली. एकही तडकली नव्हती. मग तिने ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि कमरेला पदर खोचला.

"ये इकडे. पुढे घेऊ या हिला."

"तू हात लावू नकोस, कंबर धरेल. मी बघतो."

"बाळ्या, तू एकट्याने हलवणार? तोंड बघ आरशात." मग ती जरा थांबली. "या गाडीवर भार नको म्हणून सगळं मागे ढकललंस, आणि ती बिचारी रस्ताभर फरफटली. तुझे भावोजी गेल्यापासून माझंही तेच चाललंय रे. कपसुद्धा विसळू देत नाहीस. हाताला वजन नसेल तर माणूस धरणार कशाला?"

घड्याळजी खाली उतरले. दुसऱ्या बाजूने त्यांनी भट्टीला हात घातला. दोघांनी मिळून ती गोणपाटासकट चाकांच्या पुढे सरकवली. ताईने रेटा दिला तो असा, की घड्याळजीच दोन पावलं मागे गेले. माझी पाठ जराशी दबली, चाकं रस्त्याला घट्ट टेकली, आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू! उरलेल्या वाटेवर मी अशी चालले की माझ्यामागे ट्रेलर आहे हे ट्रेलरलाही कळलं नसेल.

घरी पोचल्यावर घड्याळजींनी सवयीने कळशीला हात घातला, मग काढून घेतला.

"ताई, माती भिजवायला पाणी लागेल ना? तू आणतेस?"

"आणते की," ताई म्हणाली आणि गेलीसुद्धा.

आता ताईची मडकी बाजाराला मीच नेते. मातीचे डाग, दोन ओरखडे, हुकावर ग्रीसचा काळा ठसा. रूप गेलं माझं. पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, म्हातारं माणूस असेल, तर त्यांना जपा. जपा म्हणजे कपाटात ठेवू नका. त्यांच्या हातातलं ओझं काढून घेण्याआधी विचारा, "यातलं किती तुम्ही घेता?" मला बोलता येत नाही, म्हणून मी रस्त्यावर डोलून सांगितलं. माणसं तर खिडकीशी नुसती गप्प बसून राहतात.