बारा शब्दांचे तीन ढीग

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत मुलं मला घाबरतात आणि मला ते आवडतं. इंग्रजी व्याकरण शिकवणाऱ्या बाईला कुणी घाबरलंच नाही, तर नाम कुठलं नि क्रियापद कुठलं याची कुणाला पडलेली असते?

मला वाढवलं मावशीने. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. सत्तावीस वर्षं तिने तिथल्या चादरी धुतल्या आणि मला शिकवलं. तिच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या मावश्यांची बोटं अशीच असतात.

मग लाँड्रीत नवी मशिनं आली. बटणांवर सगळं इंग्रजीत. वरून हुकूम निघाला, की बायकांना थोडं इंग्रजी शिकवायचं आणि परीक्षा घ्यायची. बारापैकी आठ मार्क मिळतील तिला ठेवायचं, बाकीच्यांनी महिनाअखेरीला घरी बसायचं. शिकवायला सुपरवायझरने मलाच बोलावलं. मावशीला त्याचं कोण कौतुक! "येणारे ना, आमची मास्तरीण," असं ती आल्यागेल्याला सांगत सुटली.

मी मात्र मनाशी ठरवलं होतं, आपला तो बाब्या असं कुणी म्हणता कामा नये. जेवणाच्या सुट्टीत दहा दिवस वर्ग चालला. त्या दहा दिवसांत मी मावशीला एकही प्रश्न विचारला नाही, तिच्या वहीत डोकावलेसुद्धा नाही. घरी एकदा मीच म्हटलं, "अडलं तर विचार गं."

"घरी विचारलं तर ती कॉपी झाली," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

शिकवायला मी एक युक्ती काढली होती आणि तिचा मला भारी गर्व होता. शब्द निवडले ते त्यांच्याच कामातले. आणि सांगितलं, "यात अवघड काही नाही. तुम्ही रोज कपड्यांचे ढीग लावता ना? तसेच शब्दांचे ढीग लावायचे. वस्तूंची नावं ती नामं, त्यांचा एक ढीग. काम सांगणारी क्रियापदं, त्यांचा दुसरा. वस्तू कशी आहे ते सांगणारी विशेषणं, त्यांचा तिसरा." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, कळलं.

परीक्षेला बारा शब्द दिले आणि तीन रकाने: नाम, क्रियापद, विशेषण. मावशीच्या पेपरवर एकही खाडाखोड नव्हती. पहिल्या रकान्यात ब्लड, कोल्ड, सोक, सॉल्ट. दुसऱ्यात शीट, व्हाइट, हॉट, बॉइल. तिसऱ्यात ब्लँकेट, वॉर्म, ड्राय, रब. सगळ्या शब्दजातींची सरमिसळ. पाच शब्द योगायोगाने योग्य रकान्यात पडले होते, तेवढे पाच मार्क मी दिले. दुसऱ्यांदा बघितलं नाही. बघायला हवं होतं.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी निःपक्षपाती आहे हे जगाला दाखवायचं होतं ना! दुसऱ्या दिवशी तो पेपर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "असं लिहायचं नसतं," म्हटलं. नाव घेतलं नाही, पण मावशीचं टपोरं अक्षर तिथे सगळ्या ओळखत होत्या.

इस्त्रीवर बसणारी बाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "टीचर, पण हे तर बरोबर आहे की."

"तुम्हाला दहा मार्क मिळालेत ना? मग बसा खाली."

ती बसली. मावशी फरशीकडे बघत होती. मी पुढचा पेपर उचलला.

महिनाअखेरीला मावशी तिचा एप्रन घडी करून घरी घेऊन आली. मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. रोज पहाटे पाचला तिला आपोआप जाग यायची. उठून आवरायची आणि खुर्चीवर बसून राहायची. एका आठवड्यात तिने घरातले स्वच्छ पडदे दोनदा धुतले.

एका रविवारी सकाळी माझा घोळणा फुटला. उशीचा अभ्रा रक्ताने भरला. मी बादलीत कडकडीत पाणी ओतलं आणि अभ्रा बुडवणार, तोच मावशी स्वयंपाकघरातून ओरडत आली, "अगं थांब! गरम पाण्यात नको!"

उशीर झाला होता. अर्धा अभ्रा पाण्यात गेला होता आणि लाल डाग बघता बघता तपकिरी झाला.

"बसला आता," ती म्हणाली. "रक्ताला नेहमी गार पाणी. मीठ टाकायचं, भिजत घालायचं. एवढंही ठाऊक नाही तुला?"

गार पाणी. मीठ. भिजत. मी तशीच ओल्या हाताने कपाटाकडे गेले आणि तिचा पेपर काढला. ब्लड, कोल्ड, सोक, सॉल्ट.

"मावशी, हे तू डागाप्रमाणे लावलंस?"

"मग कशाप्रमाणे लावणार? चादरीत चादर नि शर्टात शर्ट असे ढीग कुणी लावतं का? डाग बघायचा, कापड बघायचं, मग ढीग. तूच तर म्हणालीस, रोज लावता तसे लावा."

"पण वर नाम, क्रियापद लिहिलं होतं ना मी?"

"मला वाटलं, ती मशिनांची नावं. आमच्या ढिगांवर मशिनाचा नंबर लिहितात, तसं." ती अभ्रा पिळू लागली. "बाकीच्यांनी तुला हवं ते पाठ केलं. मला वाटलं, माझी पोर शिकवते आहे, तिने सांगितलं तसंच करावं."

मला रडू आलं. इतकी वर्षं त्या लाँड्रीच्या जिवावर जेवले आणि तिथे ढीग कसे लावतात, हे एकदाही विचारलं नव्हतं.

सोमवारी सुपरवायझरला गाठलं. त्याने ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्याला. "पण यादी वर गेली, जागा भरली. वरातीमागून घोडं आणलंत, बाई," तो म्हणाला. मी हातापाया पडले, तरी उत्तर तेच.

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरीचं राहू दे. तू मला त्या बायकांसमोर चूक म्हणालीस. बरोबरही त्यांच्यासमोरच म्हण."

म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी लाँड्रीत गेलो. बायकांचे डबे उघडे होते. सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. मी तोच पेपर पुन्हा वाचला, तिन्ही रकाने. "चूक माझी होती," म्हटलं. "यांनी मी सांगितलं तसंच केलं. मलाच तुमचं काम ठाऊक नव्हतं." मग पेपरवरचे पाच खोडून बारा लिहिले आणि म्हटलं, "बारापैकी बारा."

"अकरा," मावशी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"रब चुकलाय. लोकरीचं ब्लँकेट चोळायचं नसतं, आटतं ते. एक शब्द उरला होता, कुठे टाकावा कळेना, म्हणून तिथे टाकला." मग जरा जरबेने म्हणाली, "तपासायचं तर नीट तपास."

इस्त्रीवाली बाई हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मी बारावर काट मारली, अकरा लिहिले आणि खाली सही केली. मावशीने पेपर घेऊन त्याची चौकोनी घडी घातली.

निघताना ती दाराजवळच्या ढिगापाशी थांबली. त्यातली एक चादर उचलली, कोपरा उलटून डाग पाहिला आणि शेजारच्या ढिगात टाकली. सुपरवायझरने बाजूला होऊन तिला वाट दिली.