उत्तरासाठी पाच दिवस

पत्र वाचून वेर्लीन गेन्स मागच्या पायरीवर मटकन बसली. ओडेसा मावशी परसात कोलार्डच्या पालेभाजीची पानं खुडत होती.

"काय गं, तोंड का उतरलं?"

"नोकरी गेली, मावशी. जुनं प्रकरण निघालं."

गेल्याच आठवड्यात स्टॉकटनमधल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्याने वेर्लीनला यंत्रदुरुस्तीची नोकरी देऊ केली होती. जुनं प्रकरण पंधरा वर्षांपूर्वीचं. ज्याच्या नादी ती लागली होती, त्याने दुकान लुटलं आणि ही बाहेर गाडी चालू ठेवून बसली. नऊ वर्षं तुरुंगात गेली. सुटून सहा वर्षं झाली, पण अजून गोदामात खोकी उचलण्यापलीकडे मजल गेली नव्हती. दोनदा मुलाखत उत्तम झाली, मग पूर्वायुष्याची तपासणी झाली आणि पुन्हा फोनच आला नाही.

मावशीने हात पुसून पत्र ओढून घेतलं. फळांच्या कारखान्यात तीस वर्षं कामगारांच्या बाजूने भांडलेली बाई ती. कागद कसा वाचायचा हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"गेली असं कुठे लिहिलंय? 'नोकरी मागे घेण्याचा विचार आहे,' असं म्हणतात. आणि हे बघ, उत्तराला कामाचे पाच दिवस. आपल्या राज्यात कायदाच आहे तसा. आधीच्या दोन कंपन्यांनी तुला गुपचूप उडवलं, ह्यांनी निदान कळवलं तरी. लिही उत्तर!"

वेर्लीनने लिहिलं. मावशीने वाचलं आणि नाक मुरडलं.

"हे रडगाणं कोणासाठी? त्यांना दया नकोय, मेकॅनिक हवाय."

दुसऱ्या खेपेला वेर्लीनने सरळ लिहिलं: मी काय केलं, केव्हा केलं, त्यानंतर काय केलं. तुरुंगातल्या धुलाईखान्यात ती सात वर्षं यंत्रं सांभाळत होती. तिथले शिकवणारे हॉगेन आता निवृत्त झाले होते. त्यांचा नंबर शोधून तिने भीतभीतच फोन लावला.

"गेन्स? एका दुपारीत तीन नंबरच्या यंत्राचं बेअरिंग बदलणारी ना तू?" म्हातारा फोनवर ओरडलाच. "अगं, शिफारस मागायला इतकी वर्षं लागतात?"

चौथ्या दिवशी ती उत्तर आणि हॉगेनची शिफारस घातलेलं पाकीट स्वतः देऊन आली. पुढच्या मंगळवारी धुलाईखान्याचे प्रमुख रोगेलिओ बाउतिस्ता यांनी तिला बोलावलं. पाकिटातले कागद त्यांच्यापुढेच पडले होते.

"मुलाखतीत 'सात वर्षं सरकारी धुलाईखान्यात' म्हणालीस, तो हाच का?"

"हाच, साहेब. सरकारीच होता की. नोकरी देऊ करण्याआधी गुन्ह्याचं विचारायची तुम्हाला कायद्यानेच मनाई होती, मग मी कशाला आपणहून सांगू?"

बाउतिस्ता हसले. मग जरा गंभीर झाले. "खरं सांगू? आजवर अशी सहा पत्रं पाठवली मी. उत्तर देणारी तू पहिलीच. बाकीचे फिरकलेच नाहीत. मला वाटायचं, त्यांनाच नको असेल नोकरी."

"नको कशी असेल? पत्र वाचलं की माणसाला वाटतं, आटोपलं सगळं. मलाही तसंच वाटलं होतं. साहेब, त्यात वरतीच मोठ्या अक्षरात लिहा ना, अजून काही ठरलेलं नाही, तुमचं म्हणणं आम्ही वाचू म्हणून."

त्यांनी समोरचा कागद उलटा करून पेन तिच्याकडे सरकवलं. "तूच लिहून दे. आणि सोमवारी सहाला ये. गुन्हा जुना आहे, या कामाशी त्याचा संबंध नाही. मला तुझे हात हवेत."

सोमवारी ती पावणेसहालाच दारात हजर होती. चौदा यंत्रं, गरम चादरींचा वास आणि कानठळ्या बसवणारी घरघर. दहा वाजेपर्यंत तिने एका ड्रायरचा पट्टा बदलला होता आणि कोपरापर्यंत काळी झाली होती. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी बाकावर सरकून तिला जागा दिली. एकीने न विचारताच तिच्या पुढ्यात दोन लुंपिया, सारण भरून तळलेल्या सुरळ्या, ठेवल्या. वेर्लीनला कडकडून भूक लागली होती.