चर्चमागची शेवटची जागा

एनॉकने चमच्यावर फुंकर घातली आणि तो टॅबिथाच्या ओठांशी नेला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"अगं, दोन घोट तरी घे. डॉक्टर म्हणाला ना, कफ सुटलाय. खाल्लंस की उठशील."

"उठायचंय कुणाला? रविवार आला जवळ."

रविवारनंतर चर्चच्या आवारात कुणालाही पुरायचं नाही, असं फर्मान निघालं होतं. खरं तर जागा उरलीच नव्हती. इंग्लंडातल्या नॉर्विच शहराच्या त्या गल्लीने पिढ्यान्‌पिढ्या माणसावर माणूस पुरला होता. जमीन इतकी वर आली होती की चर्चमध्ये शिरायला आता पायऱ्या उतराव्या लागत, आणि विहिरीच्या पाण्याला वास येई. यापुढे मेलेल्यांची रवानगी शहराबाहेर होणार होती. पण टॅबिथाची तिन्ही लेकरं, एकाच हिवाळ्यात तापाने गेलेली, इथे होती. त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा होती, आवारातली शेवटची. ती चुकू नये म्हणून बाईने अन्न सोडलं होतं.

बरं, ती एकटीच नव्हती. फर्मान निघाल्यापासून गल्लीतली म्हातारी माणसं पटापट जात होती आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

दारावर थाप पडली. कबरी खोदणारा जेबेझ होता. एनॉकच्या खांद्यावरून त्याने आतली खाट नजरेनेच मापली. एनॉक बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"काय रे, जागा धरून ठेवू ना?" जेबेझ म्हणाला. "शनिवारपर्यंत सांग बाबा. तो सायलस पाववाला डोकं खातोय माझं. आईसाठी हवीय म्हणतो."

"गेली त्याची आई?"

"अजून नाही." जेबेझने टोपी सारखी केली. "पण जाईल म्हणतो."

एनॉकच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी तो म्हणाला,

"त्यालाच दे."

"बघ हं. मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

"दे म्हटलं ना. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

आत येऊन तो खाटेशी बसला.

"जेबेझ आला होता. फर्मान पुढे ढकललंय. ईस्टरपर्यंत."

बायकोशी जन्मात खोटं न बोललेल्या माणसाची जीभ जराही अडखळली नाही. टॅबिथाने त्याला निरखून बघितलं, मग चमच्यासाठी तोंड उघडलं. वाटी संपवून ती म्हणाली,

"मग ईस्टरच्या आधी जाईन. तोवर तुझे मोजे तरी विणून होतील."

वाटी धुवायच्या निमित्ताने एनॉक मागे गेला आणि पोटभर रडला.

चौकशीला येणाऱ्या शेजारणींना त्याने दारातूनच परतवून लावलं. रविवारी सायलसच्या आईच्या दफनाची घंटा झाली, तेव्हा टॅबिथा झोपेत होती. देवाची कृपा, त्याला वाटलं.

सोमवारी ती उशीला टेकून विणत बसली होती. अचानक भिंतीपलीकडे घणाचे घाव ऐकू आले. लोहार चर्चमागच्या दफनभूमीच्या फाटकाला साखळदंड ठोकत होता. एनॉक धावतच माळ्यावर गेला. शालींचा विणकर तो, पण बायको आजारी पडल्यापासून त्याने मागावर सूत चढवलंच नव्हतं. तो तसाच बसला आणि रिकामा माग खटाखट चालवत सुटला. घण थांबल्यावरच त्याचे हात थांबले. घामाघूम होऊन तो खाली आला.

टॅबिथाने सुया मांडीवर ठेवल्या होत्या.

"एवढी वर्षं विणकराचा संसार केला रे," ती म्हणाली. "सूत नसलेला माग कसा वाजतो, ते मला कळणार नाही होय?"

तो खाटेच्या कडेला बसला.

"कुणाला दिलीस जागा?"

"सायलसच्या आईला."

तिच्या कपाळावर आठी पडली.

"ती कुठे आजारी होती?"