गालावरचे चौकोन

दुपारपासून तिसऱ्यांदा पुतणीने काकांच्या फोटोवर दुरुस्ती चालवली आणि तिसऱ्यांदा काका गुळगुळीत झाले. चेहऱ्यावर उमटलेले चौकोन सॉफ्टवेअरने पुसले होते खरे, पण त्यांच्याबरोबर देवीचे वणही साफ करून टाकले होते. पडद्यावर कुणी भला, अनोळखी गृहस्थ हसत होता.

"हे कोण?" शेजारी बसलेल्या काकूने विचारलं.

"काकाच."

"काहीतरीच. ह्यांचे गाल असे लग्नातसुद्धा नव्हते."

काका जाऊन दोन महिने झाले होते. काकूला भिंतीवर लावायला त्यांचा मोठा फोटो हवा होता. मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेला. उरला तो नातेवाइकांत फिरलेला. एकाने स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याला धाडला, दुसऱ्याने कापून तिसऱ्याला. दर वेळी फाइल दाबून लहान झाली आणि चेहरा थोडा थोडा गळून त्या जागी चौकोन उमटत गेले.

"अगं, शंभर जणांकडे गेला होता. एकाकडे तरी धड असेल."

"जितक्या हातांतून गेला तितका झिजला, काकू."

फोटो दुरुस्त करण्यात पुतणीची अठरा वर्षं गेली होती, आणि डोळेही. तिने दुरुस्तीचा जोर कमी केला. वण परत आले, चौकोनही आले. आता कुठला डाग काकांचा आणि कुठला फाइलचा, हे यंत्रालाही कळेना आणि तिलाही.

"तूच सांग आता. शेवटची दोन वर्षं त्यांची दाढी तूच करायचीस ना?"

काकूने चष्मा पुसून पडद्याला बोट लावलं. "हा ह्यांचा. इथे ब्लेड अडकायचं, मग मी बोलणी खायची. हा नाही. हा... हो, ह्यांचाच."

ती सांगत गेली तसं पुतणी तेवढं राखत, बाकीचं पुसत गेली. डावा गाल व्हायला तास लागला. दोघींच्या माना अवघडल्या.

उजव्या कानाजवळ बोट थांबलं. पुढे गेलं, मागे आलं.

"इथलं नाही आठवत," काकू म्हणाली. "रोज हात फिरायचा इथून. नाही आठवत."

"पुसून टाकू? कुणाला कळणार नाही."

काकूने बोट तिथेच ठेवलं. "नको. ह्यांचा असला तर?"

पुतणीने तेवढा भाग तसाच चौकोनी ठेवला आणि हनुवटीकडे वळली.