हळदीवरचा शेवाळलेप

एकसष्ट साली चामराजपेठेत भीमाचार्यांच्या धाकट्या लेकीचं, अहल्येचं लग्न निघालं आणि नेमके तिच्या गालांवर कोरडे चट्टे उठले. थोरली वसुमती काळजीनं झुरू लागली. भाऊ विद्याधर साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. लग्नाच्या सकाळी त्यानं बरणीभर बुळबुळीत लेप आणून दिला.

“समुद्रशेवाळ आहे, अक्का, रामेश्वराकडचं. धुण्याच्या सोड्यात उकळलं की त्यातला चीक सुटतो, तो कातडीतला ओलावा धरून ठेवतो. आठवडाभर मी हाताला लावतोय, बघ.”

“आप्पांना कळलं तर तुलाच समुद्रात बुडवतील, अण्णा,” अहल्या हसली.

हळदीचं न्हाण नुकतंच झालेलं. पोर कशी, उन्हातल्या शेवंतीसारखी पिवळी! वसुमतीनं “स्वल्पच लावते हं” म्हणत दोन्ही गालांवर लेप चोळला.

पिवळ्यावर विटकरी ठिपका उमटला. बघता बघता गाल लालभडक झाला, मग दुसराही.

वसुमतीनं वाकून पाहिलं. “जळतंय का गं?”

“नाही. गार वाटतंय. का?”

“काही नाही.” तिनं आरसा पदराआड घेतला. ओसरीवर व्याह्यांचा आवाज आला. ज्या हातांनी हिला न्हाऊमाखू घातलं, त्याच हातांनी हिचं तोंड भाजलं का मी?

तिनं हात पाहिले. हळद लागलेले तळवेही लालच, पण आग नव्हती. दरसाल हळदीत चुना कालवून ती घरी कुंकू करी, तोच हा रंग! हायसं वाटलं, पण लगेच उमगलं. चुना नाही, म्हणजे दुसरा खार आहे. सोडा लेपात उरलाय, आणि सोडा कातडी खातो.

“पाणी आण, विद्या! आणि ताक, आंबटानं खार मरतो!”

“अगं, सात पाण्यांनी धुतलाय मी. माझ्या हाताला काही झालं नाही!”

“राबणारा हात तो! तुझ्या हाताला हळद कुठली, मेल्या? खार उरलाय हे तुला सांगणार कोण?”

तांब्यामागून तांब्या ओतला. मग ताक. लाली हटेना. वसुमती पुटपुटत होती, “माझ्या बाईचं रूप, देवा, माझ्या बाईचं रूप...” ताकाच्या तिसऱ्या ओंजळीला गाल पुन्हा पिवळे झाले. कातडी शाबूत होती; चट्टे होते तसेच होते.

“अक्का, झालं काय एवढं?” अहल्येनं विचारलं.

मुंडावळ्या बांधायला वसुमती उठली, पण ओल्या बोटांतून दोरा निसटे, गाठ बसेना. शेवटी नवरीनंच हात मागे नेऊन ती बांधली आणि बहिणीचे ओले हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले.