दुसऱ्या खेपेचं दही

त्या सकाळी ओवीच्या तळहातावर एवढं दही पडलं की शेवटी तिला परत आत जाऊन हात धुवावे लागले. तिची सीईटी होती, आणि तिच्या आजीनं, मंदाकिनीबाईंनी, आदल्या दिवशी देवळात, भाजीवालीकडे आणि जिन्यात भेटेल त्याला ते सांगून ठेवलं होतं. नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीत परीक्षेला निघालेलं मूल दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. मंदाकिनीबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे काम त्यांचंच. त्यांच्या हातचं दही खाऊन कितीतरी डॉक्टर झाले, वकील झाले, काही आपटलेसुद्धा. पण त्या दिवशी वरच्या विमलाबाईंपासून सगळ्याच आपापली वाटी घेऊन जिन्यात उभ्या. शिवाजीनगरचं कॉलेज आता आपलंच, असं जी ती म्हणत होती.

निकाल लागला, आणि ते आपलं नव्हतं.

बारावीला पोरीचे पेपर इतके छान गेलेत, मग अडलं कुठं, हे मंदाकिनीबाईंना समजेना. ओवीच्या बाबांनी, सलीलनं, आईला शांतपणे सांगितलं की बारावीचे मार्क आता नुसते पात्रतेपुरते धरतात. इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरतो तो सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे आपल्याला किती पडले यापेक्षा आपल्या मागे किती मुलं राहिली त्यावर. ओवीला सिव्हिल कुठंतरी मिळालं असतं, पण शिवाजीनगरला नाही. आणि आजोबांचं बोट धरून त्या दगडी इमारतीवरून जाता-येता तिनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं, की शिकायचं तर इथं.

परीक्षा पुन्हा देता येणार होती. दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात म्हणे. मंदाकिनीबाईंच्या कानांना हे फार विचित्र वाटलं. त्यांच्या वेळी दुसऱ्यांदा बसणं म्हणजे नापास, आणि ते चार लोकांत बोलायचं नाही. ओवीच्या आजोबांचं, श्यामसुंदररावांचं, मेडिकल इंटर सायन्सला थोडक्यात हुकलं. पेपराच्या दिवशी अंगात ताप होता. पुढं सगळा जन्म पोस्टात काढला, तक्रार कधी केली नाही. फक्त जूनमध्ये पेपरात निकाल आले की ते पान न वाचताच उलटायचे. वाईट दिवस सोडून द्यायचा आणि चांगला तेवढा धरायचा, अशी सोय त्यांना कुणी दिली नव्हती.

एका दुपारी मंदाकिनीबाई कैऱ्या चिरत असताना ओवी जवळ येऊन बसली. एक फोड उचलली, मिठात बुडवली, पण खाल्ली नाही.

"आजी, कॉम्प्युटरवर पहिला प्रश्न आला ना, तर मला तो दिसेचना. जिन्यातल्या सगळ्याजणीच दिसायला लागल्या. वाट्या घेऊन."

मंदाकिनीबाईंची विळी थांबली.

"या वेळी कुणाला सांगू नकोस. आणि दही नको. तुझंपण नको. चालेल?"

"चालेल की," त्या म्हणाल्या, आणि कैरी चिरत राहिल्या.

पोटात काही न राहणाऱ्या बाईनं ते गुपित महिनाभर सांभाळलं. विमलाबाईंनी खोचकपणे विचारलंच, नात दिसत नाही हल्ली, परदेशी पाठवलीत का? मंदाकिनीबाईंनी लोणच्याच्या मसाल्याचा विषय काढला.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी त्या मुद्दाम खोलीतून बाहेर आल्या नाहीत. पेपर तोंडासमोर धरून पलंगावर बसल्या. बाहेर सलील गाडीची किल्ली शोधत होता. सेंटर लांब, मांजरी गावाच्या पुढं, लवकर निघायचं होतं. हाताला सवय फार वाईट. त्यांचा उजवा हात आपोआप चमचा धरल्यासारखा होत होता, तो त्यांनी पदरात गुंडाळून ठेवला. चपलांचा आवाज झाला. दार उघडलं. मग चपला परत आत आल्या, फ्रीज उघडला, मिटला. नंतर पावलं जिन्यात वाजत खाली गेली.

बऱ्याच वेळानं त्या स्वयंपाकघरात गेल्या. विरजणाच्या भांड्यावरची साय एका कोपऱ्यात मोडलेली होती, चमचा न घेता, बोटानं. त्यांनी ते दही त्या दिवशी कुणाला वाढलं नाही.

या वेळचा निकाल वर गेला, आणि यादी लागली तेव्हा शिवाजीनगरचं सिव्हिल ओवीच्या नावावर होतं. कळल्याबरोबर ती आजीच्या गळ्यात पडली. मंदाकिनीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग पेढे घेऊन स्वतः वर गेल्या.

विमलाबाईंनी पेढा घेतला, पण राग लपवला नाही. "एवढी परीक्षा, आणि आम्हाला पत्ता नाही. दही तरी दिलंत का पोरीला?"

"मी नाही दिलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तिनं घेतलं."