न मोडलेली पॉलिसी

"यावर कर्ज मिळत नाही, काका," विमा कचेरीच्या खिडकीमागची बाई दुसऱ्यांदा म्हणाली.

रंगाऱ्याने मान डोलावली आणि पिशवीतून आणखी पावत्या काढल्या. पहिल्या नकाराला त्याला वाटलं होतं, कागद कमी पडले असतील. एकोणीस वर्षांच्या एकोणीस पावत्या होत्या. घरात मीठ-पीठ संपलं तरी विम्याचा हप्ता त्याने कधी चुकवला नव्हता.

"सगळ्या आहेत बघा, ताई. बायको जिन्यावरून पडली, खुबा गेला. शनिवारच्या आत ऑपरेशन झालं नाही तर ती परत चालणार नाही म्हणतात. फेडीन मी, बुडवणारा माणूस नाही."

"तुम्ही फेडाल हो. पण हा अपघाताचा विमा आहे. यात पैसे साठत नाहीत. वर्ष सुखरूप गेलं की त्या वर्षाचा हप्ता संपला."

"मेहुण्याने उचलले होते की विम्यावर. घराचं छप्पर केलं त्यातून."

"त्यांचा आयुर्विमा असेल. तो वेगळा."

रंगाऱ्याच्या लेखी विमा म्हणजे विमा. भरत राहायचं, वाढत राहतं, अडीनडीला उपयोगी पडतं. एवढं साधं गणित एकोणीस वर्षं कुणी चुकीचं म्हटलं नव्हतं, कारण त्याने ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

"मग हा देतो तरी कधी?"

बाईने नजर कागदावर वळवली. "अपघातात माणूस गेला तर. किंवा हात, पाय, डोळा गेला तर."

आता बघा, हा माणूस उंच इमारतींना दोराला लटकून रंग देणारा. रोज सकाळी प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघणारा, त्यापायी सोबत्यांकडून भित्री भागूबाई म्हणवून घेणारा. त्याने स्वतःला कधी पडायची संधीच दिली नव्हती. तो मुकाट्याने पावत्या गोळा करू लागला आणि बाईचं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं.

"काका, अंगठ्याला काय झालं?"

"ते जुनं आहे. दोराच्या कप्पीत सापडला. अंगठा गेला अन् शेजारचं बोट."

"कामावर?"

"कामावरच. अकरा वर्षं झाली."

बाईने पावत्या परत आपल्याकडे ओढल्या, त्या वर्षाची शोधून काढली. "तेव्हा विमा चालू होता. तुम्ही दावा का नाही केलात?"

"मोडायची नव्हती पॉलिसी," रंगारी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "मुकादम म्हणत होता, जा, पैसे घेऊन ये. पण एकदा हात घातला की राहतं काय? पोस्टातली ठेव अशीच मोडली होती, तेव्हाच कानाला खडा लावला. म्हटलं असू दे, वाढेल. माणसाचं आठ बोटांत भागतं."

बाईने पेन खाली ठेवलं.

"ती मोडली नसती, काका. अंगठ्यासाठी रकमेचा चौथा हिस्सा मिळाला असता आणि विमा तसाच चालू राहिला असता."

"मग आता द्या."

"वर्षाच्या आत कळवावं लागतं."

तरी ती उठून आत साहेबांकडे गेली. काचेतून दिसत होतं, ती बराच वेळ बोलली. साहेबांनी एकदा रंगाऱ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. ती परत आली. सगळ्या पावत्या वर्षावार लावून तिने स्वतःच पिशवीत भरून दिल्या.

चौथा हिस्सा म्हणजे दवाखाना मागत होता त्याहून जास्तच. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणंही हातात आलं नाही. तो रस्ताभर स्वतःला शिव्या देत चालला.

घरी बायको खाटेवर भिंतीला टेकून वाटच बघत होती. सांगायला एक थाप त्याने वाटेत जुळवली होती, पण तिच्यापुढे त्याची थाप आजवर कधी टिकली नव्हती. त्याने सगळं सांगून टाकलं. तिचं तोंड उतरलेलं पाहून शेवटी थट्टाही करून पाहिली.

"विमा कसला भारी आहे बघ. मी वरून पडलो तर तुझे दोन्ही खुबे होतील, अन् वर घराला नवं छप्पर."

ती हसली नाही. मग त्यालाही हसता येईना. दुपारच्या पाळीची वेळ झाली होती. बाराव्या मजल्याचं काम बाकी होतं.

"निघतो मी," तो म्हणाला.

"मला चालायचं नाहीये."

"काहीतरीच काय बोलतेस. बघू ना, शनिवारपर्यंत..."

"ऐका माझं. मी इथेच बरी आहे. मला कुठं जायचंय चालून?"

तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली. त्याने हळूच सोडवून बघितली.

"संध्याकाळी येतो गं मी."

तिने बाही आणखी घट्ट धरली. तो खाटेच्या कडेला बसला. खालून सोबत्याने दोनदा हाक मारली, तरी तिने बाही सोडली नाही.